बंड्या ‘अचानक’ चावत नाही

प्रश्न: आमचा बोका बंड्या नऊ वर्षांचा आहे. नसबंदी झालेली आहे, कायम घरातच असतो. स्वतःहून मांडीवर येतो, घुरघुरतो, आडवा पडून पोट दाखवतो आणि मी लाड करत असतानाच अचानक कडकडून चावतो. पूर्वी क्वचित असं करायचा. गेल्या काही महिन्यांत फार वाढलंय, विशेषतः कमरेकडे हात गेला की. मध्यंतरी खिडकीत बसून शेपूट आपटत होता, बाहेर दुसरा बोका आलेला. शांत करावं म्हणून उचलून घेतलं तर हातभर ओरखडे काढले. माझ्या सात वर्षांच्या मुलीलाही परवा चावला. सासूबाई म्हणतात, मांजराची जातच बेइमान, कुत्रा पाळायला हवा होता. एरवी त्याचा त्रास काहीच नाही. उलट वय झालं तसा शहाणा झालाय, कपाटावर चढून वस्तू पाडायचं त्याने सोडून दिलंय. त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं कसं?

उत्तर: नमस्कार.

आधी बंड्याची बाजू मांडते. तो दगाबाज नाही. चावण्याआधी तो तुम्हाला चांगल्या चार-पाच सूचना देत असणार. त्या तुमच्या नजरेतून सुटतात, कारण तुमचं सगळं लक्ष त्याच्या घुरघुरण्याकडे असतं.

मांडीवरचं ते शेवटचं मिनिट सावकाश डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला अंग सैल असतं, सगळा भार तुमच्यावर टाकलेला, शेपटी नुसती पडलेली. तुमचा हात डोक्यावरून पाठीवर आणि पाठीवरून कमरेकडे जातोय. अशा काही फेऱ्या झाल्या की शेपटीचं फक्त टोक हलतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. बाकी बोका जागचा हललेला नसतो. पुढच्या फेरीला कमरेजवळची कातडी थरथरते, माशी बसली की घोड्याची थरथरते तशी. पुढे रोखलेले कान किंचित बाजूला वळतात. ते पूर्ण मागे पडत नाहीत, म्हणून लक्षात येत नाही. घुरघुर तुटक होते किंवा थांबते. अंग घट्ट होतं, आणि हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं. मग टोकाऐवजी अख्खी शेपटी आपटायला लागते. शेवटी मान वळते आणि तो तुमच्या हाताकडे बघतो. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. ही शेवटची नोटीस. यानंतर दात.

सगळ्या पायऱ्या दर वेळी दिसतीलच असं नाही. कधी दोनच दिसतात. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. शेपटीचं टोक हलवून, कान वळवून काही उपयोग होत नाही आणि चावलं की हात ताबडतोब निघतो, हे मांजर अनुभवाने शिकतं. मग ते मधल्या पायऱ्या गाळायला लागतं. तुम्हाला चावा ‘अचानक’ वाटतो त्यात याचाही वाटा असेल. त्यावर ओरडलं, नाकावर टिचकी मारली, तर ते फक्त एवढंच शिकेल की हा हात भरवशाचा नाही. म्हणून शिक्षेच्या वाटेला जाऊच नका.

पण मुळात त्याला लाडांचा कंटाळा यावा का? मांजरं एकमेकांना चाटतात ती बहुतेक डोक्यावर आणि मानेवर. गाल, हनुवटी, कानांच्या पुढचा भाग, इथे त्यांच्या गंधग्रंथी असतात. दाराच्या कडेला, तुमच्या पोटरीला बंड्या गाल घासतो तो तिथला वास लावून ठेवायला. तिथे खाजवलेलं बहुतेक मांजरांना आवडतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब हात फिरवणं ही माणसाची आवड आहे. शेपटीच्या बुडाशी हात लावलेला तर बऱ्याच मांजरांना अजिबात खपत नाही. काहींना तिथेच खाजवून हवं असतं हेही खरं. मांजरांच्या बाबतीत ‘बहुतेक’ हा शब्द जवळ ठेवावाच लागतो.

आता घुरघुरीबद्दल. घुरघुरतोय म्हणजे खूश आहे, हे अर्धंच बरोबर आहे. मांजर समाधानात घुरघुरतं, तसंच आजारपणात, जखमी असताना, पिल्लं होताना आणि डॉक्टरांच्या टेबलावर घाबरून बसलेलं असतानाही घुरघुरतं. काही हवं असलं की तर त्याची वेगळीच घुरघुर असते. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं की मागणीच्या घुरघुरीत एक उंच, रडण्यासारखा स्वर मिसळलेला असतो आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशा माणसांनाही ती जास्त तातडीची वाटते. पहाटे उठवणारी घुरघुर कानाआड करता येत नाही, ती यामुळेच. तेव्हा नुसत्या आवाजावर विसंबू नका. आवाज चालू आहे आणि अंगही सैल आहे, तर ठीक. आवाज चालू आहे पण अंग आवळलेलं, डोळे बारीक केलेले, चारही पाय पोटाखाली घेऊन खांदे वर काढून बसलाय, तर काहीतरी बिनसलंय.

पोट दाखवण्यावरून तर घरोघरी गैरसमज आहे. पोट हा मांजराचा सगळ्यात नाजूक भाग. तो उघडा टाकून ते लोळतं तेव्हा ‘तुझ्यासमोर मला भीती नाही’ एवढंच सांगत असतं. त्यात ‘हात लाव’ हे येत नाही. तिथे हात गेला की चारही पंजे आणि दात एकाच वेळी कामाला येतात, कारण उताणं पडणं हा मांजराचा लढायचाही पवित्रा आहे. कान मागे, अंग ताठ आणि नख्या बाहेर अशा अवस्थेत उताणं पडलेलं मांजर लाडात आलेलं नसतं, घेरलं गेलेलं असतं. बंड्याने पोट दाखवलं तर बघा, दोन गोड शब्द बोला आणि हात गालाशी न्या. यापलीकडे काही करायची गरज नाही.

सासूबाईंच्या बेइमानीच्या आरोपाबद्दल माझा अंदाज असा, की त्यांच्या डोळ्यांना कुत्र्याची सवय असावी. कुत्र्याची शेपटी हलली की माणूस पुढे होतो. (कुत्रासुद्धा दर वेळी आनंदानेच शेपटी हलवतो असं नाही, पण ते राहू दे.) त्याच नजरेने मांजराची शेपटी वाचली की घोटाळा होतो. मांजराची शेपटी जोरात इकडून तिकडे जाते तेव्हा ते चिडलेलं किंवा फार उत्तेजित झालेलं असतं आणि त्या वेळी त्याच्यापासून दूर राहावं. शिकारीचं खेळणं समोर असताना हलणारी शेपटी हा अपवाद. तिथे मांजर नेम धरत असतं.

कुत्र्याच्या हलत्या शेपटीचं काम मांजराकडे सरळ उभी शेपटी करते. पिल्लू आईकडे जाताना शेपटी उभी करतं आणि मोठेपणी तीच खूण ओळखीच्या मांजरांना आणि माणसांना मिळते. तुम्ही बाहेरून आल्यावर बंड्या शेपटी उभी करून, टोकाला किंचित बाक देऊन समोर येत असेल तर हा झाला त्याचा नमस्कार. कधी ती उभी शेपटी थरथरते, तेव्हा आनंद जरा जास्तच झालेला असतो. (तीच थरथर भिंतीकडे पाठ करून चालली असेल, तर मात्र भिंत लगेच पुसायला घ्या.) अंगावरचे केस आणि शेपटी फुगवून, पाठ उंच करून तिरकं उभं राहिलेलं मांजर घाबरलेलं असतं. आहे त्यापेक्षा मोठं दिसण्याची ती धडपड. शेपटी पोटाशी ओढून घेतलेलं मांजरही घाबरलेलंच, फक्त त्याने लढायचं नाही, लपायचं ठरवलंय.

कान लवकर उरकते, कारण ते वाचायला सोपे आहेत. पुढे असतील तर लक्ष आणि कुतूहल. बाजूला आडवे झाले की अस्वस्थता. डोक्याला चिकटून मागे गेले की भीती किंवा संताप, मारामारीत कान फाटू नयेत म्हणून ते असे झाकले जातात. तिसऱ्या अवस्थेत मांजराशी काहीही बोलायला जाऊ नये. मिश्यांचंही साधारण तसंच. पुढे ताणलेल्या म्हणजे उत्सुकता, गालाला चिकटलेल्या म्हणजे भीती.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र आधी खोलीतला उजेड बघा. अंधारात बाहुल्या मोठ्या होणारच, उन्हात त्यांची रेघ होणारच. भरपूर उजेड असूनही बाहुल्या टपोऱ्या दिसल्या तर तो घाबरलाय, खेळाच्या तारेत आहे किंवा त्याला दुखतंय. यातलं नेमकं काय ते बाकीच्या अंगावरून ठरतं. वयस्क मांजराच्या बाहुल्या भर उजेडातही कायम मोठ्याच राहत असतील तर रक्तदाब आणि नजर तपासून घ्यावी.

टक लावून बघणं मांजरांच्या जगात धमकीचं असतं. घरात आलेल्या पाहुण्यांपैकी ज्याला मांजरं आवडत नाहीत त्याच्याच मांडीवर ते जाऊन बसतं, ते याच कारणाने. तो बिचारा एकटाच त्याच्याकडे बघत नसतो. याउलट डोळे अर्धे मिटून सावकाश उघडझाप करणं हे शांततेचं लक्षण. ससेक्स विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. माणसाने सावकाश पापण्या मिटल्या की मांजरंही तसं करण्याची शक्यता वाढते, आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे ती जास्त जातात. सासूबाईंना हा प्रयोग जरूर करायला सांगा. लांबून, बंड्या निवांत बसलेला असताना, त्याच्याकडे रोखून न बघता. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, म्याव ती बहुतेक माणसांसाठीच राखून ठेवतात, हेही त्यांच्या कानावर घाला. बेइमान प्राणी एवढी तसदी घेत नाही.

खिडकीतल्या प्रसंगात तुमचा हेतू चांगला होता, वेळ चुकली. बाहेरच्या बोक्यावरचा राग बाहेर काढता येत नव्हता, तेवढ्यात तुमचे हात आले आणि तो राग हातांवर निघाला. हे माणसांतही चालतं. अशा वेळी उचलायचं नाही, पाठीवर हात ठेवायचा नाही, समजूतही घालायची नाही. लांबूनच पडदा ओढा किंवा दोघांच्या मध्ये एखादा पुठ्ठा धरा, दिवा मंद करा आणि त्याला खोलीत एकटा सोडा. शांत व्हायला काही मिनिटं लागतील किंवा काही तासही लागतील. तो नेहमीसारखा फिरायला, अंग चाटायला लागला की मगच जवळ जा. बाहेरचा बोका रोज येत असेल तर खिडकीच्या खालच्या भागाला अपारदर्शक कागद चिकटवणं हा साधा आणि चांगला उपाय आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडखळले ती सांगते. बंड्याने कपाटावर चढायचं सोडलं, शहाणा झाला, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. नऊ वर्षांचं मांजर उंच जागा शहाणपणाने सोडत नाही. उंचावरून घर न्याहाळणं त्याला जन्मभर आवडतं. ते चढायचं थांबलं की पहिली शंका सांधेदुखीची घ्यायची. त्यात कमरेकडे हात गेला की चावतो आणि हे गेल्या काही महिन्यांतच वाढलंय, हे तुम्हीच लिहिलंय. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला हे निव्वळ स्वभावाचं प्रकरण वाटत नाही. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली. बंड्या अजून त्या वयाचा नाही, पण झीज काही वाढदिवसाची वाट बघत नाही. कंबरच असेल असंही नाही, कातडीचा किंवा शेपटीच्या बुडाचा काही त्रासही असू शकतो. ते बघायचं काम डॉक्टरांचं.

मांजर दुखणं लपवतं. ते लंगडेलच, विव्हळेलच असं धरून बसू नका. त्याऐवजी हे बघा: पलंगावर एका उडीत जायचा तो आता आधी खुर्चीवर, मग पलंगावर असा टप्प्याने जातो का? उडी मारण्याआधी थबकतो का? कमरेचा भाग चाटायचा सोडल्याने तिथले केस विस्कटलेले, गुठळ्या झालेले दिसतात का? मलमूत्राच्या ट्रेची उंच कड ओलांडायला टाळाटाळ होते का? आणि चेहरा. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली. कान, डोळे, तोंडाजवळचा भाग, मिश्या आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे आणि दहापैकी चार किंवा त्याहून जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. कानांची टोकं एकमेकांपासून दूर जाऊन बाहेर वळलेली, डोळे आवळलेले, तोंड ताणलेलं, मिश्या ताठ, डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलेलं, असा तो चेहरा असतो. ही पट्टी मुख्यतः अचानक उद्भवलेल्या तीव्र दुखण्यासाठी आहे. जुन्या सांधेदुखीत चेहरा अगदी साधा दिसू शकतो. त्यामुळे गुण कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर त्याचे छोटे व्हिडिओ काढा: चालताना, उडी मारताना, पायऱ्या असतील तर उतरताना. दवाखान्यात मांजर आक्रसून बसतं आणि चाल दाखवायला तयार होत नाही, तिथे हे व्हिडिओ फार कामाला येतात. ‘कमरेला हात लावला की चावतो’ हे तपासायला सुरुवात करण्यापूर्वीच सांगून टाका, डॉक्टरांचे हातही वाचतील. आणि कृपा करून घरातली माणसांची गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

तपासणी होईपर्यंत आणि नंतरही लाडांची पद्धत बदला. त्याच्याकडे जाऊ नका, त्याला येऊ द्या. आला की बोट नाकाच्या उंचीवर, थोडं लांब धरा. वास घेऊन त्याने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो पुन्हा डोकं पुढे करेल किंवा हाताला ढुशी देईल, तर आणखी थोडं. काहीच केलं नाही, नुसता बसून राहिला, तर झाले लाड. पहिले काही दिवस हे तुटक तुटक आणि चमत्कारिक वाटेल. पण थांबवण्याची सोय आपल्या हातात आहे हे कळलेलं मांजर उलट जास्त वेळ जवळ बसतं. कमर आणि पोट सध्या पूर्ण वर्ज्य. मांडीवर असताना शेपटीचं टोक हललं किंवा कातडी थरथरली की हात उचला आणि स्तब्ध बसा. त्याला ढकलून उतरवू नका, तो हवं तर स्वतः उतरेल.

मुलीला इतकं सगळं सांगू नका, सात वर्षांचं पोर आहे. तिला दोनच नियम: झोपलेल्या, ट्रेमधल्या किंवा लपलेल्या बंड्याला हात लावायचा नाही आणि शेपटी हलली की हात मागे. मुलांना शेपटीवर पाळत ठेवायचं काम फार आवडतं, ती तुमच्या आधी ओरडेल बघा. तिच्याशी खेळताना बोटं हे त्याचं खेळणं होऊ देऊ नका, दोरी बांधलेली लांब काठी वापरा. अर्थात तपासणीचा निकाल येईपर्यंत दोघांना एकटं सोडू नका.

परवाच्या चाव्याबद्दल तुम्ही पुढे काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. मांजराचे दात सुईसारखे आत जातात, वरून भोक बारीक दिसतं आणि आत जंतू अडकून राहतात. चावा बसल्या बसल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा, वर हळद, तेल, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. धनुर्वात आणि रेबीजच्या लसीचं काय करायचं ते तेच ठरवतील, जाताना बंड्याच्या लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. मुलीला अजून दाखवलं नसेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. बंड्याची वेळ उद्याची घेतली तरी चालेल.